बगळ्याची सागोती

जानकीला चौथा महिना लागला होता आणि तीन आठवडे तिच्या पोटात धड काही ठरत नव्हतं. त्यातून आमचं घर वेंगुर्ल्यातलं, बंदरापासून हाकेच्या अंतरावर. सकाळी बांगडा, रात्री सुंगटं, आणि काहीच मिळालं नाही तर सुका मासा निखाऱ्यावर टाकायचा, हा आमचा शिरस्ता. त्या वासानेच तिला ढवळून यायचं. आईने पेज करून पाहिली, सोलांचं सार करून पाहिलं. डॉक्टरांनी औषधाच्या दोन बाटल्या दिल्या, एक लाल आणि एक पिवळी. दोन्ही रंग आम्हांला अर्ध्या तासात परत बघायला मिळाले.

शेवटी एका शनिवारी आईने तिला ओटीवर जवळ बसवून घेतलं. "गो जानकी, तुका खावशी वाटता तरी काय? लाजू नको. डोहाळे मनात ठेवले तर पोराची लाळ गळता."

जानकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाली, "कोंबडी."

सुनेने देवघरातला शंख भाजून मागितला असता तर आईचा चेहरा जसा झाला असता तसा झाला.

इथे जरा खुलासा केला पाहिजे. आमच्या घराण्यात मासे चालतात, कोंबडी चालत नाही. का, ते विचारायचं नसतं. आईच्या मते मासा हा प्राणीच नव्हे. ती समुद्रातली भाजी. कोंबडीला मात्र पाय असतात, ती अंगणात हिंडते, आपल्याकडे मान वाकडी करून बघते. तिला कसं खाणार? खेकड्याला तर पायच पाय असतात, असं मी एकदा म्हणून पाहिलं होतं. त्या दिवशी मला जेवण फार उशिरा मिळालं.

"तू खंय खाल्लंस कोंबडी?" आईने विचारलं.

"म्हायेराक. शेजारच्या लक्ष्मीआत्येकडे. आठ वर्सांची होतंय. घरात कोणाक म्हायत नाय." आणि मग एकदम धीर येऊन म्हणाली, "वड्यांबरोबर खाल्लेली. अजून याद येता."

वालावलीच्या लक्ष्मीनारायणाच्या गावची, सोवळ्यातली म्हणून पसंत करून आणलेली सून! आईने निकाल दिला. असा निकाल कुठल्या हायकोर्टाने दिला नसेल.

"डोहाळे ते डोहाळे. पुरवूकच व्हये. पण माझ्या रांधपात नाय. परसात चूल मांडा. घरातला भांडा नको, रगडो नको, पळी नको. आणि मी हात लावचंय नाय."

"मगे रांधतलो कोण?" मी विचारलं.

आई म्हणाली, "ज्याचा पोर, त्यान रांधूचा."

मी त्या वेळी विकास गटाच्या कचेरीत कारकून होतो. माझ्याकडे कंपोस्ट खतांच्या खड्ड्यांचं टेबल होतं. तालुक्यात किती खड्डे खणले, किती भरले, किती नुसतेच खणून त्यात म्हशी पडल्या, याची खडान्‌खडा माहिती माझ्याकडे असे. चुलीबद्दलची माझी माहिती मात्र, चहा तिच्यावर होतो, एवढीच होती. पण जानकी माझ्याकडे बघत होती. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भूक दिसत होती. मी छाती पुढे काढून म्हटलं, "त्यात काय मोठं? उद्या रविवार आसा."

माणसाने रविवारच्या भरवशावर असं काही बोलू नये.

कोंबडा मिळवायला मी महादूकडे गेलो. महादू आमच्या वाडीच्या टोकाला राहायचा, थोडी शेती, थोडे काजू, आणि जगातली कुठलीही वस्तू मिळवून देण्याची तयारी. त्याने टोपलीखालून एक पांढराशुभ्र, ऐटबाज कोंबडा काढला. लालभडक तुरा एका डोळ्यावर झुकलेला. एका पायाला हळदीची चिंधी बांधलेली होती.

मला शंका आली. असे पांढरे कोंबडे आमच्या कचेरीतून वाटले जात. लेगहॉर्न जातीचे, गावठी कोंबड्यांची पैदास सुधारण्यासाठी. ज्याला मिळे त्याने तो वर्षभर सांभाळायचा, विकायचा नाही, कापायचा नाही, आणि पंधरवड्याला त्याच्या प्रकृतीचा तक्ता भरायचा. माझ्या प्रकृतीचा तक्ता सरकारने कधी मागितला नव्हता.

"महादू, ह्यो सरकारी नाय ना?"

"सरकारी?" महादूने दोन्ही कानांना हात लावले. "माझ्या मेवण्यान मुंबैसून अंडा हाडल्यान, तेचो ह्यो. पाय मुरगळलो म्हणान हळद बांधलंय."

मुंबईहून आलेल्या अंड्यावर विश्वास ठेवायला माणूस गरजू असावा लागतो. मी होतो. कोंबडा काखेत मारून घरी आलो.

परसात तीन चिरे मांडून मी चूल केली आणि शेजारून दाजी आले. दाजी पंचवीस वर्षं बोटीवर रांधपी होते. आता निवृत्त होऊन ते शेजाऱ्यांच्या चुलींवर लक्ष ठेवत. त्यांना लांबचं जहाज क्षितिजावर दिसे. जवळचं मात्र ताटातलं मीठही दिसत नसे.

"बाबू, तू फक्त लिवन घे," दाजी म्हणाले. "पन्नास माणसांक दोन शेर सुकी मिरची, चाळीस कांदे, पंचवीस नारळ."

"दाजी, तुमका धरून आमी चार माणसां."

"माका पन्नासांचाच येता. भागाकार तू कर. तू कारकून."

मी कंपोस्ट खड्ड्याच्या कोऱ्या नमुन्यामागे त्रैराशिक मांडलं. कांदे सव्वातीन आले. नारळ दोन. मिरच्यांचं गणित मात्र शेरावरून नगावर येईना. तेवढ्यात पलीकडच्या दगडी गडग्यावरून मथुरावहिनींनी डोकं वर काढलं. त्यांच्या घरी कोंबडी सणावारी व्हायचीच, त्यामुळे त्यांचा अधिकार मोठा होता.

"गणित कसला करतास, भाऊ? मिरची अंदाजान घालूची. नाकात चुरचुरला की पुरे."

"कोणाच्या नाकात?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"रांधतल्याच्या!" दाजी आणि वहिनी एकदम म्हणाले. या एका मुद्द्यावर त्यांचं एकमत झालं. पुढे दिवसभरात ते पुन्हा झालं नाही. दाजी म्हणत आधी लसूण. वहिनी म्हणत आधी कांदा. दाजी म्हणत मांस मऊ व्हायला सुपारीचं खांड टाक. वहिनी म्हणत कच्ची पपई. मी दोघांना हो म्हणत गेलो. कचेरीत हीच पद्धत आहे. तिथे ती चालते, कारण तिथे काही शिजत नाही.

वहिनींनी आपला टोप दिला, पळी दिली, रगडा दिला आणि वडे करून द्यायचं कबूल केलं. सगळं जमत आलं होतं. फक्त कोंबड्याचं मत कोणी विचारलं नव्हतं.

तो पोफळीला बांधला होता. मी त्याच्याजवळ गेलो आणि गाठ सोडली. गाठ सोडायची नव्हती, नुसती तपासायची होती. पण बोटं कारकुनाची, फायलीच्या फिती सोडायची सवय. कोंबड्याने माझ्याकडे एकदा बघितलं, मान वाकडी केली (आईचं म्हणणं मला तेव्हा पटलं) आणि गडगा ओलांडून पार झाला. मुरगळलेल्या पायाने असं उडता येत असेल तर माझेही दोन्ही पाय मुरगळलेले चालतील.

मी धोतर खोचून त्याच्यामागे. माझ्यामागे दाजी, खांद्यावर मासे पकडायचा पाग घेऊन. सकाळचे नऊ. सगळं वेंगुर्लं रस्त्यावर. प्रत्येक जण मदत करायला उत्सुक, म्हणजे तोंडाने. "अरे, डाव्या अंगाक!" "नाबरांनू, दाणे दाखवा तेका!" एका गृहस्थांनी तर मला थांबवून आपल्या खड्ड्याच्या अनुदानाचं काय झालं ते विचारलं.

कोंबडा वळला तो थेट आमच्या कचेरीच्या आवारात. तिथे एक नमुनेदार कंपोस्ट खड्डा होता, लोकांना दाखवायला केलेला. लांबी दहा फूट, रुंदी पाच, खोली तीन. शेण, पालापाचोळा आणि माशांचे टाकाऊ भाग शास्त्रोक्त थरांत भरलेले. सगळं माझ्या देखरेखीखाली. कोंबडा खड्ड्याच्या पाटीवर जाऊन बसला. मी झेप घेतली. तो उडाला. थर तीनही शास्त्रोक्त होते, हे मला कमरेपर्यंत कळलं.

"अहो नाबर! लागलं का?"

वर जगदाळेसाहेब उभे होते. हे साताऱ्याकडचे, नव्यानेच आलेले, कुक्कुटपालनाचे विस्तार अधिकारी. तालुक्यातला एकेक पांढरा कोंबडा यांनीच एसटीने आणलेला. बायकामुलं गावी, इथे एका खोलीत एकटेच राहायचे आणि खानावळीत मासे खाऊन दिवसेंदिवस वाळत चालले होते. कचेरीच्या मागेच त्यांची खोली. त्यांनी हात देऊन मला वर काढलं आणि नाकाला रुमाल लावला. दोन्ही गोष्टी फार सभ्यपणे.

तेवढ्यात कुंपणापाशी दाजींनी पाग फेकला. पाग हवेत गोल उघडला आणि पांढरा फडफडाट त्याच्यात गुंडाळला गेला. इतका सुरेख पाग मी बंदरावरही बघितला नव्हता. पण साहेबांनीही बघितला.

"काय पकडलं? पांढरं दिसतंय. लेगहॉर्न की काय?"

मी अंगावरचं शेण पुसायला लागलो. दाजी मात्र पंचवीस वर्षं कस्टमवाल्यांशी बोललेले.

"बगळो, सायेब," ते शुद्ध मराठीचा प्रयत्न करत म्हणाले. "औषधासाठी धरलो. ह्याच्या बायलेक... पत्नीक दिवस आहेत."

"बगळा?" साहेब चकित झाले. "खातात तुमच्याकडे?"

"डॉक्टर सांगता," दाजींनी सांगितलं आणि पाग पाठीमागे धरून चालायला लागले. पागातून 'कुकूच' एवढंच ऐकू आलं. पुढचं दाजींनी दाबलं.

घरी येऊन मी विहिरीवर चार वेळा आंघोळ केली. आई दारातून म्हणाली, "अजून कोंबडी शिजूक नाय, आणि हेची अशी दशा."

पुढचं काम दाजींनी काजूच्या झाडाआड केलं. मी त्या वेळी समुद्राकडे तोंड करून उभा होतो आणि लाटा मोजत होतो. साफसफाईही त्यांनीच केली आणि तुकडे टोपात माझ्या स्वाधीन केले. "पाय टाकूक नाय हां. बोटीर पायांसाठी मारामारी होय."

आता चूल, टोप आणि मी. कांदा घातला, लसूण घातली, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप घातलं. पपई घातली, सुपारीही घातली. वास सुटला. आणि मग मला घरचं कालवण आठवलं. आई प्रत्येक बांगड्याच्या कालवणात तिरफळं टाकते. त्याशिवाय कालवण कसलं? मी मूठभर तिरफळं टाकली.

"मेल्या!" मथुरावहिनी गडग्यावरून ओरडल्या. "तिरफळा कोंबड्याच्या सागोतीत? बांगडो आसा काय तो?"

मी वेचायला गेलो, बोटं भाजली. अर्धी निघाली, अर्धी तशीच राहिली. मग बांगड्याच्याच हिशेबाने, एक उकळी आल्यावर, मी टोप उतरवला आणि मोठ्या दिमाखात एक तुकडा चाखला. म्हणजे चाखायचा प्रयत्न केला. दात आणि तुकडा यांच्यात दाताने माघार घेतली.

"दीड तास ठेव," दाजी म्हणाले. "धावलेलो कोंबो तो. तेचे पाय लोखंडाचे झाले असतीत."

जानकी मागच्या पायरीवर येऊन बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. वास तिच्यापर्यंत पोचत होता आणि आता तिने तोंडाला पदर लावला, तर सकाळपासूनचं सगळं फुकट. तिने मोठा श्वास घेतला. मग आणखी एक. "अजून किती येळ?" तिने विचारलं. मला चूल फुंकायला एकदम दहा माणसांचं बळ आलं.

दुपारचा एक वाजला. सागोती मऊ झाली, वहिनींचे वडे टम्म फुगून आले. जानकीसमोर केळीचं पान मांडलं आणि पुढच्या दारी आवाज आला. "नाबर आहेत का? म्हटलं, खरचटलं असेल. टिंक्चर आयोडीन आणलंय."

जगदाळेसाहेब घराला वळसा घालून थेट परसात. हातातली बाटली हातातच राहिली. त्यांनी डोळे मिटले आणि नाक वर केलं.

"हा बगळा?"

"होय," मी म्हटलं.

"इतका छान वास येतो बगळ्याला?"

घरी आलेल्या माणसाला जेवायच्या वेळी परत पाठवणं आईला कोंबडीपेक्षाही निषिद्ध. ती दारातूनच शुद्ध भाषेत म्हणाली, "बसा साहेब. पान मांडलंच आहे." मला वाटलं, आता चुलीत उडी घ्यावी.

साहेब बसले. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग हळूच म्हणाले, "आमच्या मंडळी अगदी अशीच करतात. कोंबडी हो, बगळा नाही. चार महिने झाले घरचं खाऊन." त्यांनी डोळे पुसले. तिखटानेही असेल. "पण हे सुरसुरतंय काय मधेच?"

"तिरफळ," मी म्हणालो. "बगळ्यात लागतं."

इकडे जानकी जेवत होती. पहिला वडा संपला, दुसरा संपला. पोटातून काहीही परत येत नव्हतं. कपाळावर घामाचे थेंब, ओठांवर लाल रस आणि चेहऱ्यावर असं समाधान, की मला ती लग्नातल्यापेक्षा देखणी दिसली. तिसऱ्या वड्याला तिने पायाचा तुकडा घेतला, तोंडात घातला आणि थबकली. तिने दोन बोटांनी तोंडातून काहीतरी काढलं, पानाच्या कडेला ठेवलं आणि भाबडेपणाने विचारलं, "अवो, बगळ्याच्या पायात कडा कित्याक?"

ॲल्युमिनियमचं, सरकारी क्रमांकाचं कडं होतं ते. चिंधीखाली मुरगळ नव्हती, हे होतं. आणि दाजींना जवळचं दिसत नव्हतं. त्यांनी वाकून पाय बघितले असते तरी त्यांना काय कळणार!

साहेबांनी कडं उचललं, धोतराला पुसलं आणि वाचलं. "सतरा."

मी उठून उभा राहिलो. नोकरी गेल्याचं मी मनात पक्कं केलं होतं. फक्त जानकीचं जेवण होईपर्यंत ती टिकावी एवढीच इच्छा होती. "साहेब, मी सगळं सांगतो. तो मी विकत घेतला. मेव्हण्याचं अंडं म्हणून सांगितलं मला. मला शंका आली होती, तरी घेतला. हिने तीन आठवडे अन्न घेतलं नव्हतं. चूक माझी. बगळा वगैरे..."

"बगळो मी म्हटलंय," दाजी मधेच म्हणाले. "तेका कित्याक बोलतास?"

साहेबांनी हात वर केला. "सतरा नंबर," ते म्हणाले, "मी मांडीवर घेऊन आलो होतो एसटीतून. घाटात ओकला होता माझ्या अंगावर." त्यांनी आपल्या पानाकडे बघितलं. पानावर हाडांचा नीटस ढीग होता. मग जानकीकडे बघितलं. ती वडा हातात घेऊन रडायच्या बेतात आली होती.

"वहिनी, तुम्ही जेवा," साहेब एकदम म्हणाले. "जेवा, थांबू नका. नाबर, चौकशी केली तर पहिला प्रश्न येईल, मुद्देमाल कुठे आहे. मुद्देमालातला निम्मा माझ्या पोटात. मी काय लिहू?"

ते बराच वेळ विचार करत राहिले. कुठलाही शासकीय कागद इतक्या विचारपूर्वक लिहिला गेला नसेल. शेवटी त्यांनी खिशातून पेन काढून माझ्या त्रैराशिकाच्या कागदावर कच्चा मसुदा लिहिला आणि मला वाचून दाखवला: "क्रमांक सतरा. योजनेचा लाभ प्रत्यक्ष कुटुंबापर्यंत पोहोचला. प्रकृती समाधानकारक."

"कोणाची?" मी विचारलं.

"वहिनींची," साहेब म्हणाले. "आणि महादूला यापुढे कोंबडाच काय, कोंबडीचं पीसही मिळणार नाही." मग घसा साफ करून त्यांनी टोपाकडे बघितलं. "तुमचं जेवण राहिलंय, म्हणून विचारत नाही... पण रस आहे का थोडा?"

मी पळी शोधायला लागलो. ती वहिनींची होती, आणि पहिलं वाढून झाल्यावर वहिनींनी ती आणखी वडे तळायला परत नेली होती. गडग्यापलीकडे हाक मारली तर उत्तर नाही. साहेबांचं पान रिकामं. जानकीनेही पान हळूच पुढे सरकवलं. मी हाताने वाढू की टोप उचलू या विचारात असताना मागून कोणीतरी मला बाजूला सारलं.

आई होती. हातात घरातली पळी. तिने पदर खोचला, टोपात पळी बुडवली, जानकीच्या पानावर दोन तुकडे आणि वर रस घातला. मग साहेबांच्या. मग दाजींच्या. मग माझ्या. वाढताना तिने जानकीच्या पाठीवरून डावा हात फिरवला, आणि तो हात बराच वेळ तिथेच राहिला.

मी जेवलो. तिरफळं लागत होती, सुपारी लागत होती. मला ते जेवण फार आवडलं.

साहेब आयोडीनची बाटली विसरून गेले. दाजी ओटीवर आडवे होऊन घोरायला लागले. जानकी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवून शांत झोपली. मी टोपात उरलेले चार तुकडे झाकून ठेवत होतो. मागे विहिरीवर आईचं न्हाणं चाललं होतं, कळशीमागून कळशी, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच, म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जावं.

पाणी थांबलं. "रे बाबू, उरली काय?"

"उरली."

"सांजेक तिका गरम करून व्हयी. तू नको हात लावू, करपवशीत. मी करतंय."

"आई, तू आत्ताच न्हालंस ना गो?"

मग रहाटाचा कर्रकर्र आवाज पुन्हा सुरू झाला.

"मगे काय झाला? परत न्हातलंय. बावीक पाणी काय कमी आसा?"